दोष धुक्याचा की कप्तानाचा?

अपघात झाला की आपल्याकडे काही जण नशिबाला बोल लावतात आणि काही जण हाताशी सापडेल त्या माणसाला. रीतसर चौकशी ही या दोहोंपेक्षा वेगळी वाट आहे. शिडाची जहाजे किनाऱ्यावर चढत, त्या काळातल्या चौकशांविषयी वाचताना ती मला प्रथम नीट कळली.

‘फॉल्स ऑफ हॅलाडेल’ हे चार डोलकाठ्यांचे लोखंडी जहाज न्यूयॉर्कहून मेलबोर्नकडे निघाले होते. १४ नोव्हेंबर १९०८ रोजी पहाटे दाट धुक्यात ते ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात पीटरबरो गावाजवळ खडकांवर चढले. जहाजावरची २९ माणसे होड्यांतून सुखरूप उतरली. जहाज मात्र शिडे उभारलेलीच असताना तिथे अडकून पडले आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली.

आता धुके काही कप्तानाने आणले नव्हते. मग दोष कोणाचा? मेलबोर्नच्या सागरी चौकशी न्यायालयाने पाहिले ते एवढेच, की धुक्यातही माणसाच्या हाती काय होते. दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली मोजता येत होती. ती नीट मोजली गेली नाही. किनारा फार जवळ येण्यापूर्वी जहाज वळवता येत होते. ते वेळेत वळवले नाही. कप्तान डेव्हिड वुड थॉमसन दोषी ठरले. त्यांना थोडा दंड झाला आणि त्यांचे कप्तानकीचे प्रमाणपत्र सहा महिन्यांसाठी स्थगित झाले.

शिक्षा सौम्य झाली, असे कोणी म्हणेल. मला चौकशीची रीत अधिक मोलाची वाटते. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार अशा चौकशीत न्यायाधीशाशेजारी समुद्राचे जाणकार बसत, आणि ज्याच्यावर आरोप असे त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागे. माझे वडील एका कारखान्यात कामाला होते. यंत्र बिघडले तेव्हा त्यांचीही ‘चौकशी’ झाली. बंद खोलीत पाच मिनिटे उभे केले आणि त्यांना वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा घेतला. यंत्र कसे बिघडले, हे मात्र कोणी विचारलेच नाही. म्हणून आमच्या घरात ‘चौकशी’ हा शब्द अजूनही भीतीचाच आहे.

जहाजांच्या चौकशा निर्दोष होत्या, असे मात्र मी म्हणणार नाही. प्रमाणपत्र कप्तानाचे, तेव्हा जायचे तेही त्याचेच. मालकापर्यंत बोट सहसा पोचत नसे. बेसुमार माल लादलेल्या जहाजांविरुद्ध सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने रान उठवले, तेव्हा कुठे १८७६ च्या कायद्याने जहाजावर भरणीची रेघ आखणे सक्तीचे झाले. पण ती रेघ नेमकी कुठे आखायची, हे १८९० पर्यंत मालकच ठरवत!

आज पूल कोसळो की गाडी उलटो, पहिला बळी चालकाचा किंवा कामगाराचा जातो. त्याची चूक असेल तर तीही जरूर सांगावी. पण त्याला बोलू द्यावे, शेजारी त्या कामाचा जाणकार बसवावा आणि रेघ कोणी आखली हेही विचारावे. आपल्यापैकी काही जण उद्या चौकशीच्या टेबलाच्या पलीकडे, साहेबाच्या खुर्चीत बसतील. त्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.