तुमची वॉरंटी तुम्हालाच लखलाभ!

परवा वाकडच्या पुलावर पुन्हा 'टण्ण' झालं. आवाज आता ओळखीचा आहे. इलेक्ट्रिक सायकलच्या मागच्या चाकाची तार तुटली. दहा महिन्यांत तिसरं चाक!

सर्व्हिस सेंटरची उत्तरं मला पाठ आहेत. पहिल्यांदा, "सर, रस्ते खराब आहेत ना." दुसऱ्यांदा, "सर, तुमचं वजन..." (७१ किलो आहे हो!) आणि मग, "काळजी नको सर, वॉरंटीत आहे," म्हणून हबमधल्या मोटरसकट अख्खं नवीन चाक. मीही येडा, फुकट मिळतंय म्हणून खूश.

या वेळी चाक नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी एकेक तार बोटाने छेडली. काही टणटण वाजल्या, काही नुसत्याच थड्ड. म्हणाले, "साहेब, याला कोणी चाबी लावलीच नाही. ढिली तार तुटणारच."

घरी येऊन वाचलं तर काकांचंच खरं. चाक फिरताना खाली येणाऱ्या तारेचा ताण दर फेरीला कमी होतो. घट्ट तारेला त्याचं काही वाटत नाही. ढिली तार मात्र पूर्ण सैल पडते आणि हबपाशी, जिथे ती वाकलेली असते, तिथे हलत राहते. कंटाळवाण्या मीटिंगमध्ये आपण यू-पिन मागेपुढे वाकवून तोडतो ना, तसंच. माझं जाणं-येणं २४ किलोमीटर. २६ इंची चाक तेवढ्यात साधारण साडेअकरा हजार वेळा फिरतं. शिवाय मोटरचा सगळा जोर रिमपर्यंत पोचवायचा तोही याच तारांनी. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये जागेवर बसतात आणि सैल होतात. तेव्हा एकदा आऊट काढून सारख्या ताणल्या की झालं.

आता खरी गंमत. वॉरंटी कार्ड म्हणतं, बाहेरच्या माणसाने चाकाला हात लावला तर वॉरंटी रद्द. आणि यांच्या स्वतःच्या सर्व्हिसिंगच्या यादीत काय? ब्रेक, बॅटरी, हवा, सही. तारांचं नावच नाही! म्हणजे ज्याने चाक वाचेल ते हे करणार नाहीत, आणि आपण केलं तर गुन्हा.

मोटर उघडू नका म्हणा, मान्य. पण तार म्हणजे मोटर नव्हे! आणि रस्त्याचं म्हणाल, तर खड्ड्याने रिमला पोचा पडला असता. माझ्या तिन्ही रिम ठणठणीत. तार कुठे तुटली हे कोणी बघितलंसुद्धा नाही. सर्व्हर पडला, रिस्टार्ट मारला, तिकीट क्लोज. आपणही करतो हे, पण तिसऱ्यांदा पडला की निदान मॅनेजर तरी 'का?' विचारतो. इथे काही रुपयांच्या तारेपायी चांगली मोटर परत जाते आणि त्याला 'उत्तम सेवा' म्हणायचं!

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये 'राईट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. छान. पण कार्डावरची ती एक ओळ असेपर्यंत माझा हक्क कागदावरच.

असो. काकांनी आऊट काढला. वॉरंटी गेली. तुम्ही सायकल घ्यायला जाल तेव्हा रेंज नंतर विचारा. आधी विचारा, "तारा कोण ताणणार? आणि बाहेर ताणल्या तर वॉरंटी राहणार का?" सेल्समन गडबडला, तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.