बाई, माझं झालं!



परवा चौथीच्या वर्गाला गणितं घातली आणि मी वह्या तपासायला बसले. "ज्याचं झालं त्यानं मला सांगायचं आणि वही टेबलावर ठेवायची," असं बजावलं. झालं! पहिली वही उघडते न उघडते तोच, "बाई, माझं झालं!" पेन खाली ठेवलं, "शाबास, ठेव हं" म्हटलं आणि पुन्हा वहीकडे वळले, तर कोणतं गणित तपासत होते तेच आठवेना. तेवढ्यात दुसरा आला, "बाई, माझंपण!" तास संपला तेव्हा टेबलावर वह्यांचा ढीग होता आणि तपासून झाल्या होत्या फक्त चार! बसल्या जागी दमले मात्र खूप.

गंमत म्हणजे संगणकाचीही अगदी अशीच फजिती होते. कशी ते बघू या.

संगणकातला प्रोसेसर म्हणजे आपल्या वर्गातल्या बाई. कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्ड ही सगळी मुलं. कोणाला काही सांगायचं आहे का, हे प्रोसेसरला दोन प्रकारे कळतं. एक, त्यानं प्रत्येकाकडे फेरी मारून विचारायचं, "तुझं झालं का रे?" याला पोलिंग म्हणतात. दुसरा प्रकार, ज्याला सांगायचं त्यानं घंटा वाजवायची. या घंटेला म्हणतात इंटरप्ट, म्हणजे मध्येच थांबवणं.

घंटा वाजली की प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, कुठवर आलो होतो त्याची खूण करून ठेवतो आणि त्या उपकरणाच्या ड्रायव्हरला बोलावतो. हा ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे बरं का! त्या उपकरणाशी कसं बोलायचं हे ठाऊक असलेला तो एक प्रोग्राम असतो. त्याचं काम आटोपलं की प्रोसेसर खुणेपाशी परत येतो. या जाण्यायेण्यातही थोडा वेळ खर्च होतोच.

जुन्या पद्धतीच्या कीबोर्डचं उदाहरण घ्या. कळ दाबली की एक घंटा, सोडली की दुसरी. तुम्ही सेकंदाला 10 कळा बडवल्यात तरी घंटा फक्त 20! सेकंदाला कोट्यवधी सूचना पाळणाऱ्या प्रोसेसरला त्याचं काय?

पण नेटवर्क कार्डाची गोष्ट वेगळी. तारेतून येणारी माहिती लहान लहान पुडक्यांनी येते. 1 गिगाबिट वेगाच्या तारेतून अगदी छोटी पुडकी आली, तर सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार येऊ शकतात! प्रत्येक पुडक्यामागे एक घंटा वाजली तर? प्रोसेसर नुसता "हो, ठेव" म्हणत बसेल. पुडकी उघडून बघायला त्याला सवडच मिळणार नाही. संगणक बंद पडलेला नसतो, उलट घाम गाळत असतो, पण काम शून्य! जेफ्री मोगुल आणि के. के. रामकृष्णन या संशोधकांनी 1996 साली या फजितीचा अभ्यास करून त्यावर उपाय मांडला.

पुढे लिनक्समध्येही असाच एक उपाय आला. नाव त्याचं नापी. युक्ती मोठी झकास आहे! पहिलं पुडकं आलं की घंटा वाजू द्यायची. मग ड्रायव्हर कार्डाला सांगतो, "आता घंटा बंद. मीच येतो." तो स्वतः फेरी मारतो आणि एका फेरीत साधारण 64 पर्यंत पुडकी उचलतो. कार्ड रिकामं झालं की घंटा पुन्हा चालू. म्हणजे गर्दी नसेल तेव्हा घंटा, गर्दी झाली की फेरी!

आणि हो, आपला यूएसबी कीबोर्ड तर स्वतःहून घंटा वाजवूच शकत नाही. यूएसबीमधला 'बी' म्हणजे बस. एसटीची नव्हे, माहिती वाहून नेणारी! या बसवर विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, असा नियमच आहे. म्हणून संगणकातली एक चिप त्या कीबोर्डला सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा विचारते, "काही आहे का?" उत्तर मिळालं तरच ती प्रोसेसरला उठवते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हीच युक्ती केली. पहिला "झालं" म्हणाला, तसं मी सांगितलं, "आता कुणी उठायचं नाही. मीच येते." फेरी मारत शेवटच्या बाकापाशी पोचले. तिथली मुलगी कधीच "बाई" म्हणून हाक मारत नाही. वहीत बघते तर काय, दुसऱ्याच गणितात हातचा चुकला होता आणि ती तिथंच अडून बसली होती. आदल्या दिवशीही तशीच बसली असेल. माझ्या कानांवर इतक्या घंटा वाजत होत्या, की न वाजलेली घंटा मला कळलीच नाही.

आता मी रोज फेरी मारते.

करून पाहा : पाच बेरजा सोडवायला घ्या. मित्राला दर दहा सेकंदांनी तुमचं नाव घेऊन हाक मारायला सांगा. प्रत्येक हाकेला "ओ" द्यायचीच! किती वेळ लागला ते लिहा. मग तशाच पाच बेरजा शांतपणे सोडवा. दोन वेळांमधला फरक म्हणजे तुमच्या घंटांची किंमत!

तुमच्या बाई