रेखाटनवही : निवासी विद्यार्थ्याची स्वतःची रोजनिशी

निवासी शाळेतील मुलाच्या एकट्याच्या मालकीचे असे फार थोडे असते. खोली सर्वांची, पंगत सर्वांची, वेळापत्रकही सर्वांचे. अशा प्रत्येक मुलास कोऱ्या पानांची एक वही द्यावी व तीत त्याने रोज दहा मिनिटे, समोर दिसेल ते रेखाटावे, ही सूचना मांडण्यासाठी स्मरणिकेचे निमित्त मी घेत आहे.

दुधनीसारख्या गावी या सूचनेस विशेष कारण आहे. सोलापूर–वाडी लोहमार्गावरील हे गाव राज्याच्या सीमेलगतचे. येथील बाजारात मराठी व कन्नड हातात हात घालून चालतात. तांड्यावरून आलेल्या मुलाची घरची बोली आणखी निराळी. ‘आज काय पाहिले ते लिहा’ असे सांगताच यांतील कित्येक मुले प्रमाण मराठीच्या धास्तीने दोन ओळींत थांबतात. त्याच मुलास तुरीची रास, पोते उचलणारा हमाल किंवा फलाटावरचे बाक काढावयास सांगा. तेथे त्याची भाषा अडत नाही. त्याने काय पाहिले, हे आपणांस प्रथमच कळते.

आपल्या शाळांत चित्रकला नाही असे नव्हे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसतात, दहावीस वाढीव गुणही मिळतात. या परीक्षांनी खेड्यापाड्यांत चित्रकलेची गोडी लावली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु परीक्षेत विषय ठरलेला, वेळ ठरलेली. तेथे हात तयार होतो. डोळा तयार होण्यास परीक्षक नसलेला रोजचा सराव लागतो.

थोर कलावंतांनी हा सराव सोडला नाही. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी करीत असतानाही टिपणांच्या व रेखाटनांच्या रोजनिश्या जपल्या. त्यांच्या चिंतनाचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास आलेले नंदलाल बोस पुढे आयुष्यभर साध्या पोस्टकार्डांवर झाडे, जनावरे, वाटेवरची माणसे रेखाटीत राहिले. अजिंठ्याच्या भिंतींवर तरी केवळ राजपुत्र कोठे आहेत? सेवक, हत्ती, माकडे, फळे यांनाही तेथे जागा आहे. ज्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, त्या चित्रकारांनी हे सारे आधी निरखून पाहिले असले पाहिजे.

‘सर्वांनाच चित्र कोठे येते?’ असा आक्षेप येईल. पण ही वही चित्रकार घडविण्यासाठी नाही. तांब्या काढावयास बसलेले मूल त्याचे तोंड गोल काढते, कारण ते गोल आहे हे त्यास ठाऊक असते. नीट पाहिल्यावर ते लंबगोल दिसते. ठाऊक असलेले आणि दिसणारे यांतील हा फरक ज्यास दहाव्या वर्षी उमगला, तो पुढे ऐकीव गोष्टही पारखून घेईल. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश यापेक्षा फार दूरचा नाही.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. या वहीस गुण देऊ नयेत. खोडरबर वापरू नये. चुकलेली रेघही त्या दिवसाचीच असते. कोपऱ्यात तारीख व स्थळ लिहावे. मुलाच्या संमतीवाचून वही कोणी उघडू नये, भिंतीवर तर मुळीच लावू नये. आणि शिक्षकांनीही स्वतःची एक वही ठेवावी.

खरी कसोटी मुलांची नाही, आपली आहे. मुलाने आपण होऊन दाखविलेल्या एखाद्या पानावर गळके छप्पर असेल, पातळ आमटी असेल, सुटीनंतर न परतलेल्या मित्राची रिकामी जागा असेल. ते पान पाहून मुलास रागावणारी संस्था वह्या वाटूनही काही कमावणार नाही. छप्पर दुरुस्त करणारी, त्या मित्राच्या घरी जाऊन चौकशी करणारी संस्था मात्र त्या पानाची खरी वाचक ठरेल.

ज्यांच्या घरांची, श्रमांची चित्रे आजवर इतरांनीच काढली किंवा कोणीच काढली नाहीत, त्यांची मुले आपल्या शाळांत शिकतात. पेन्सिल आता त्यांच्या हाती असू द्या. पुढील स्मरणिकेत मान्यवरांच्या छायाचित्रांशेजारी, संमतीने दिलेले असे एक पान छापले जावे, हीच मंगल कामना.