पत्त्यात वाट लिहा

सरकारी नोटिशीवरचा पत्ता एका ओळीत मावतो. कोर्टनाका, ठाणे पश्चिम. खाली वेळ, सकाळी अकरा. आणि त्याखाली, हजर राहिला नाहीत तर तुमचं काही म्हणणं नाही असं धरलं जाईल. माझं सगळं भांडण या शेवटच्या ओळीशी आहे.

टोकावड्याकडच्या पाड्यातला म्हातारा अकराला ठाण्यात हवा, तर तो अंधारात निघतो. पाड्यावरून सडकेपर्यंत पायी. मग एसटी, आली तर. मुरबाडहून कल्याण पुढं तीसेक किलोमीटर. कल्याणला लोकल, आणि त्या वेळेच्या लोकलमध्ये पिशवीत सातबारा, फेरफार घेतलेला सत्तरीचा माणूस शिरणार कसा, हे नोटीस काढणाऱ्यानं एकदा करून बघावं. शिरला तरी ठाण्याला उतरता आलं पाहिजे. स्टेशनबाहेर बस वर पुलावर, रिक्षा खाली. कुणाला विचारावं तर जो तो पळतोय. खरं तर जांभळी नाक्याच्या बाजारातून चालत गेलं तर पंधरा-वीस मिनिटांची वाट. पण ती नोटिशीवर कुठंच नसते, म्हणून रिक्षाला पैसे जातात.

गाडी करून जा, असं सांगणारेही भेटतात. भाड्याची गाडी म्हंजे भाताच्या पैशातला मोठा घास. वर दुर्गाडीचा पूल, मग कोन, रांजनोली, खारेगावचा पूल, माजिवडा, जिथं म्हणाल तिथं कोंडी. नाक्यावर पोचल्यावर गाडी लावायला जागा नाही ती नाहीच.

पहिली आगगाडी ठाण्याला आली १८५३ साली. मुरबाडच्या रेल्वेचं आम्ही दर निवडणुकीला ऐकतो, रूळ अजून नाही. बारवीचं आणि शहापूरच्या भातसाचं पाणी मात्र नळातून बरोबर शहराकडं पोचतं, त्याला गाडी बदलावी लागत नाही. ज्यांची जमीन त्या धरणांत, नाहीतर रस्त्यांत गेली, त्यांनाच तारखेला बोलावणं येतं.

जव्हार-मोखाड्याच्या लोकांनाही पूर्वी ठाण्यालाच यावं लागे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा लांब अंतर हे दुखणं आहे असं सरकारनंच कबूल केलं. मग आमचं दुखणं बरं झालं असं कुणी ठरवलं?

एक शिकलेला मुलगा मला म्हणाला, "काका, मोबाईलवर नकाशा बघायचा." नकाशा वाट दाखवतो रे बाबा, सकाळची एसटी रद्द झाली ते दाखवत नाही.

माझं मागणं फार नाही. नोटिशीवर लिहा, स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, जांभळी नाक्यावरून चालत या, अमुक इमारत, अमुक मजला, अमुक खोली. महिन्यातून एक दिवस साहेबांनीच मुरबाडला, शहापूरला येऊन बसावं, त्यांना तर सरकारी गाडी आहे. ते जमत नसेल तर वरच्या तालुक्यांची नावं दुपारी एकच्या पुढं पुकारा, आणि चारच्या आत मोकळं करा, म्हंजे मुरबाडहून पाड्याकडची शेवटची एसटी मिळेल.