लिपिड प्रोफाइलची भीती आणि गर्भवतीचं ताट

सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईनं तपासणीचं ‘पॅकेज’ घेतलं, की लिपिड प्रोफाइलचे आकडे बहुतेक वेळा मर्यादेपलीकडे निघतात. मग घरात तूप बंद, सायीचं दूध बंद, शेंगदाण्याची चटणीसुद्धा बंद.

हे थांबायला हवं. रिपोर्टवर छापलेली मर्यादा गर्भवतीसाठी ठरवलेलीच नसते. दिवस भरत येतात तसं निरोगी बाईचं कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्यानं वाढतं आणि ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतात. सुरुवातीच्या महिन्यांत शरीर चरबी साठवतं. शेवटच्या तिमाहीत वारेच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, साठवलेली चरबी रक्तात उतरते. आई तिच्यावर भागवते, साखर बाळासाठी राखली जाते. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉनही वार तयार करते ते मुख्यतः आईच्या एलडीएलमधून. म्हणजे एरवी सरसकट ‘वाईट’ ठरलेल्या कोलेस्टेरॉलमधून.

बाळाची गरज तर याहून मूलभूत. प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. बोटं, चेहरा, मेंदूचे दोन भाग यांची आखणी करणाऱ्या ‘सॉनिक हेजहॉग’ या प्रथिनाला कोलेस्टेरॉलचा रेणू जोडला जावा लागतो. स्मिथ-लेमली-ओपिट्झ हा जन्मजात आजार १९६४ मध्ये नोंदवला गेला. त्याचं कारण उमगलं १९९३ मध्ये. कोलेस्टेरॉल बनवण्याची शेवटची पायरीच या बाळांच्या शरीरात नीट पार पडत नाही. डोकं लहान राहतं, पायांची दुसरी-तिसरी बोटं जुळलेली असतात, अनेकांची टाळू फाटलेली असते.

आपल्याकडचा पुरावाही जवळच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. गावांतल्या बाळांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचा धोका या ठेवणीशी जोडला जातो. याच अभ्यासात २००१ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. आईच्या आहारातल्या एकूण उष्मांकांचा आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. दिसला तो अठराव्या आठवड्यातल्या स्निग्ध पदार्थांशी आणि दुधाशी, अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या पालेभाज्या-फळांशी. ज्या ताटातून साय आणि दूध काढायची घाई होते, त्याच ताटाबद्दल हे निष्कर्ष आहेत.

म्हणून वाटीनं तूप प्यावं असं नाही. गर्भवतीला रोज साधारण ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, दुप्पट जेवण नव्हे. शिवाय ज्यांच्या घराण्यात ट्रायग्लिसराइड फार वाढण्याचा आजार आहे, त्यांची तपासणी व्हायलाच हवी. आकडा हजारापुढे गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आधीपासून सुरू असतील, तर दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावं. बाकीच्यांनी ही तपासणी बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी करावी.

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गर्भवतींना रोज एक चौरस जेवण मिळतं. पुणे जिल्ह्यातल्या अभ्यासाची ती सहा गावं ज्या पट्ट्यात मोडतात, तिथल्या कोरडवाहू शेतात नवव्या महिन्यापर्यंत राबणाऱ्या बाईलाही ते मिळायला हवं, आणि त्यात दूध व पालेभाजी रोज असायला हवी.