पिवळी जर्सी बोहारणीला देऊ नका

मैत्रिणींनो, या सदरासाठी येणारी पत्रं बहुतेक ठरावीक असतात. लोणच्याला बुरशी का येते, पापड लाल का पडतात, जाऊबाईंशी कसं जुळवून घ्यावं, वगैरे. यावेळी मात्र चिपळूणच्या एका भगिनीने निराळाच प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात, "लग्नाआधी आमचे हे मुंबईला नोकरीला होते. त्यांच्या कपाटात एक पिवळी जर्सी आहे. घालतही नाहीत आणि टाकूही देत नाहीत. दिवाळीच्या आवराआवरीत मी ती बोहारणीच्या गाठोड्यात घातली, तर यांनी ती परत काढून घेतली आणि दोन दिवस धड बोलले नाहीत. विचारलं तर म्हणाले, 'आमचा क्लब खाली गेला त्या वर्षाची आहे ती.' खेळाचं एवढं मनाला लावून घ्यायचं असतं का हो? आणि त्या जर्सीचं मी करू तरी काय?"

प्रश्न दोन आहेत. जर्सीचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देते. आधी मनाचं पाहू.

आमच्या मालगुंडात फुटबॉल तसा परकाच. गायवाडीच्या किनाऱ्यावर ओहोटीला पोरं जमतात ती क्रिकेट खेळायला. पण गावातल्या बहुतेक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत असतं आणि मुंबईला गेलेला मुलगा तिथून कसली आवड घेऊन येईल याचा नेम नाही. कुणी नाटकाचं वेड घेऊन येतो, कुणी भजनाचं. आपल्या भगिनीच्या यजमानांनी फुटबॉलचं आणलं, इतकंच. पिवळी जर्सी आणि 'खाली गेला ते वर्ष' म्हटल्यावर तो क्लब 'मुंबई एफसी' आणि ते वर्ष २०१७, हे ओळखायला फार वेळ लागत नाही.

'खाली जाणं' म्हणजे काय, ते आधी सांगते. फुटबॉलमध्ये संघांच्या इयत्ता असतात म्हणा ना. वरच्या इयत्तेत जो संघ वर्षअखेर तळाला राहतो, त्याला पुढच्या वर्षी खालच्या इयत्तेत बसवतात आणि खालचा पहिला आलेला वर चढतो. याला रेलिगेशन म्हणतात. नववीत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवतात, पण इथे त्याला पुन्हा आठवीत नेऊन बसवतात, तेही सगळ्या गावासमोर! आता सांगा, लागेल की नाही मनाला?

मुंबई एफसी हा क्लब २००७ साली निघाला. २००८ मध्ये दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून तो आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत आला. त्याचं मैदान कूपरेज, चर्चगेट स्टेशनवरून चालत जाता येईल असं. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप पुढे वर्षानुवर्षं याच मैदानावर रंगला. मधली काही वर्षं क्लबला घरचे सामनेही पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले, पण पाठीराखे होते ते होतेच. अंगात पिवळी जर्सी, हातात ढोल. 'यलो ब्रिगेड' असं त्यांनी आपल्या टोळीचं नाव ठेवलं होतं.

क्लब काही श्रीमंतांच्या पंक्तीतला नव्हता. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालपुढे तो म्हणजे बंगल्याशेजारची चाळीतली खोली. कधी अजिंक्यपद मिळालं नाही. पण खालिद जमील नावाचे प्रशिक्षक सात वर्षं तो संसार ओढत होते, आणि त्या सात वर्षांत क्लब एकदाही खालच्या श्रेणीत गेला नाही. थोडक्या पैशात महिनाअखेर गाठणारी गृहिणी कशी असते, तसंच ते. तिचं कौतुक कुणी करत नाही, पण ती चार दिवस माहेरी गेली की घराची काय दशा होते ते सगळ्यांना कळतं.

२०१६ मध्ये जमील आणि क्लब यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. २०१७ च्या जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत दहा संघांची आय-लीग झाली, प्रत्येकाला अठरा सामने. मुंबई एफसीचा गाडा रुळावर येईना. मध्येच प्रशिक्षकही बदलून पाहिला, पण उपयोग झाला नाही. एप्रिल संपला तेव्हा क्लब दहावा, म्हणजे तळाला होता.

आणि त्याच वर्षी पहिलं कोण आलं असेल? मिझोरामचा ऐझॉल एफसी. त्यांचे प्रशिक्षक होते खालिद जमील! ३० एप्रिल २०१७ ला शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी झाली आणि डोंगरातल्या या छोट्या क्लबने अजिंक्यपद नेलं. यातली खरी गंमत पुढे आहे. हाच ऐझॉल आदल्या वर्षी स्वतः खाली घसरला होता. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी स्पर्धा सोडली, जागा रिकामी झाली, म्हणून त्याला परत आत घेतलं होतं. म्हणजे काढून टाकलेल्या मुलाला परत वर्गात घेतलं आणि तो पहिला आला! जमील तर पुढे २०२५ मध्ये भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

आपल्या भगिनीचे यजमान दोन दिवस का बोलले नाहीत, त्याचा थोडा उलगडा आता होईल. आपलं घर बुडत होतं त्याच वेळी आपल्या घरातून गेलेला माणूस दुसऱ्याचं घर वर काढत होता. ते सोसणं अवघड असतं.

पण खरं दुःख त्याहून निराळं आहे. खाली जाणं वाईट खरं, पण खाली गेलेले वर येतात. त्या वर्षी नववा होता मिनर्व्हा पंजाब, म्हणजे मुंबईच्या अगदी शेजारी तळाला. पुढच्याच मोसमात, २०१८ मध्ये, त्याने आय-लीग जिंकली. पुढे मालक बदलले, नाव बदललं, आणि २०२३ मध्ये तोच क्लब आय-लीग जिंकून इंडियन सुपर लीगमध्ये चढला. विलायतेत मँचेस्टर सिटी हा आज जगातला बडा क्लब, पण १९९६ मध्ये तो खाली घसरला आणि १९९८ मध्ये आणखी एक पायरी, थेट तिसऱ्या श्रेणीत. तिथेही सामन्याला सरासरी पंचवीस हजारांहून अधिक माणसं यायची. रडतखडत का होईना, पण यायची. १९९९ मध्ये तो एक पायरी वर आला आणि २०२३ मध्ये एकाच मोसमात तीन मोठी विजेतेपदं मिळवून बसला.

मुंबई एफसीच्या लोकांना ही वाट पाहण्याची संधीच मिळाली नाही. घसरल्यावर क्लब खालच्या श्रेणीत उतरलाच नाही, बंदच झाला. मुंबईने हे आधीही पाहिलं होतं. २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ मध्ये परवान्याच्या अटींपायी बाहेर गेले. त्यानंतर आय-लीगमध्ये मुंबईचा म्हणून हा एकच क्लब उरला होता, तोही गेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर, माहेरची परिस्थिती खालावणं वेगळं आणि माहेरच उठणं वेगळं. वडिलांचा धंदा बसला तरी आपण जातोच ना माहेरी? पिठलं-भात खाऊन येतो, पण अंगणात बसून येतो. आईवडील गेले, भाऊ मुंबईला, घराला कुलूप, अंगणात रान माजलेलं, असं झालं की मग जायचं कुठे? कोकणात अशी कुलूपबंद घरं प्रत्येक वाडीत आहेत. त्यातलं एखादं आपल्यापैकी कुणाचं तरी माहेर असतं. अशा घरातली आईची एखादी विरलेली साडी आपण ट्रंकेत जपून ठेवतोच की नाही? ती नेसायची नसते आणि टाकायचीही नसते. ही जर्सी तशी आहे, बाई.

एकट्याने मुंबईत राहणाऱ्या मुलाला खोली असते, घर नसतं. चार जण नावाने हाक मारतील, ढोलावर थाप द्यायला जागा करून देतील, हरल्यावर शेजारी बसून चहा पाजतील, अशी जागा त्या शहरात सापडणं सोपं नाही. ती जागा गेली, आणि तिच्याबद्दल बोलायला घरात कुणी नाही. पुरुषांना रडायची सवय नसते, म्हणून मग ते कपाट धरून बसतात.

आता काय करावं ते सांगते.

"खेळच तर आहे" असं म्हणू नका. आपल्या विणकामाला किंवा मंगळागौरीच्या खेळांना कुणी "एवढं काय त्यात" म्हटलं तर कसं लागतं, ते आठवा.

"दुसरा संघ धरा की" हेही नको. मुंबई सिटी हा सुपर लीगमधला क्लब २०२१ आणि २०२४ मध्ये विजेता झाला, चांगलंच झालं. पण शेजारच्या घरी लग्न निघालं म्हणून आपल्या घरचं सुतक फिटत नाही. त्यांचं मन झालं तर ते आपणहून तिकडे वळतील.

एखाद्या संध्याकाळी, आमटीला फोडणी देता देता, सहज विचारा. सामन्याला तुमच्या शेजारी कोण बसायचं? पहिल्यांदा कुणी नेलं होतं? सगळ्यात चांगला सामना कुठला? निकाल विचारू नका, माणसं विचारा. एकदा बोलायला लागले की मध्ये थांबवू नका, हं! कंटाळा आला तरी भाजी निवडत ऐका. जुने सोबती भेटणार असतील तर वर्षातून एकदा जाऊ द्या. डबा करून दिलात तर त्याची आठवण वर्षभर राहील.

आणि मर्यादाही सांगायला हवी. दुःख खरं असलं तरी त्याच्या नावाखाली घरात आदळआपट, मुलांवर राग, पैजा किंवा बाटली येऊ लागली, तर गप्प बसायचं नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात प्रेक्षकांतच भांडण पेटलं आणि चेंगराचेंगरीत सोळा जीव गेले. सकाळी जेवून निघालेली कुणाची तरी मुलं होती ती. प्रेम अंगावर घ्यावं, डोक्यात जाऊ देऊ नये, हे स्पष्ट शब्दांत सांगायचा आपल्याला हक्क आहे.

मुलं असतील तर त्यांना वडिलांकडूनच ही गोष्ट ऐकू द्या. ऐझॉलची आणि मिनर्व्हाची पण सांगायला लावा. परीक्षेत मार्क कमी पडलेल्या मुलाला आपल्या दहा उपदेशांपेक्षा ही एक गोष्ट जास्त कामाला येईल. आणि वडीलही कधी हरलेल्या बाजूला उभे होते, हे कळलं की मुलं आपलं हरणं घरी येऊन सांगू लागतात. हा फायदा थोडा नाही.

आता जर्सी. अशा जर्सीचं कापड बहुधा पॉलिएस्टरचं असतं आणि त्यावरची अक्षरं व आकडे उष्णतेने चिकटवलेले. त्यामुळे तिला गरम पाणी आणि गरम इस्त्री, दोन्हीचं वावडं. उलटी करून साध्या पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. ब्रश मारू नका, पिळू नका. ब्लीचचं नाव काढू नका. सावलीत उलटीच वाळत घाला. इस्त्री करायचीच तर आतल्या बाजूने, वर सुती फडकं ठेवून, अगदी कोमट. अक्षरांवर इस्त्री थेट टेकवली तर ती उचलताना अक्षरंही बरोबर येतील.

पिवळीवर हळदीचा डाग दिसणार नाही असं समजू नका. साबण लागला की तो लाल होऊन उठून दिसतो. तेवढाच भाग धुवून थोडा वेळ उन्हात धरा. हळदीचा रंग उन्हाने उडतो.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. कोकणातल्या पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. पूर्ण कोरडी झाल्यावर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. घडी अक्षरांवर पडू देऊ नका, जमल्यास गुंडाळीच करा. बरोबर वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. डांबराच्या गोळ्या छापील अक्षरांना लागू देऊ नका, अक्षरं चिकट होतात. गणपतीच्या आधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा बाहेर काढून वारा द्या.

आणि हो, गुंडाळी बांधाल तेव्हा ती यजमानांना दाखवून त्यांच्याच हाताने कपाटात ठेवायला द्या. तुमच्या आईची साडी ठेवली असेल, तोच कप्पा चालेल.

पुढच्या अंकात कोकमाचं आगळ वर्षभर कसं टिकवायचं, ते पाहू.