नेमलेला सभासद आणि लोकांची शाळा

जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव निघाले की आपल्या चळवळीतील कार्यकर्ता किंचित संकोचतो. वडिलोपार्जित व्यापारी संपत्ती, गव्हर्नरांशी स्नेहसंबंध, आगगाडीच्या कंपनीत महत्त्वाचे स्थान. अशा गिरगावच्या शेटजींशी लालबाग-परळच्या कामगाराचे नाते ते काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर नानांच्या पुतळ्यात नसून त्यांच्या कार्यात शोधले पाहिजे.

१८६१ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ बनले आणि १८६२ मध्ये त्यात घेतलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते. हे सभासदत्व जनतेने दिलेले नव्हते, गव्हर्नरने दिलेले होते. त्या मंडळात सरकारला प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली. ज्याला सरकार नेमते त्याला जनतेपुढे हिशेब द्यावा लागत नाही, हा त्या व्यवस्थेचा मूळ दोष होता. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे नाना अध्यक्ष झाले. या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे गाऱ्हाणी मांडली खरी. पण तिच्यातही शब्द चालत असे तो मुख्यतः धनिकांचा आणि सुशिक्षितांचा. पुढे १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले, तेव्हा कायदेमंडळात त्या कामगारांचा माणूस नव्हता.

मग नानांचे मोल कशात? आमच्या मते ते १८४७ च्या वादात आहे. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी शिक्षणावर भर देऊ पाहत होते. वरच्या थोड्यांना शिकवावे, त्यांच्याकडून विद्या खाली झिरपेल, अशी त्यामागची धारणा. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा या सहकाऱ्यांसह नानांनी तिला विरोध केला. बहुजनांपर्यंत विद्या न्यायची तर ती त्यांच्याच भाषेतून नेली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. नाना इंग्रजीचे शत्रू नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. मुलींना शिकवणे हे पाप मानले जाई त्या काळात त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. ज्याच्या घरात शिक्षकाला बोलावण्याची ऐपत होती, त्या माणसाने ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांच्या शाळेसाठी भांडावे, याला आम्ही लोकहित म्हणतो.

आज बहुतेक सभासद नेमले जात नाहीत, आपणच त्यांना निवडून देतो. तरीही मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले, अनेक शाळांना कुलुपे लागली. झिरपण्याचा सिद्धांत मेला नाही, त्याने केवळ वेश बदलला. खासगी शाळेची फी भरू शकेल त्याने शिकावे, हेच त्याचे नवे रूप होय.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. त्या दिवशी हार घालायला अनेक हात पुढे येतील. कार्यकर्त्यांनी मात्र आपल्या वॉर्डातील नगरसेवकाच्या दारी जावे आणि एकच प्रश्न विचारावा: आमच्या वस्तीतील पालिकेची शाळा टिकावी म्हणून आपण सभागृहात काय बोललात? नानांना तो विचारण्याचा अधिकार कोणाला नव्हता. आपल्याला आहे, आणि तो लढून मिळाला आहे.